‘रशियात मदतनीस, लढाई नाही’: त्या मेसेजमधला एकेक दावा

भरतीच्या तयारीतल्या पोरांच्या ग्रुपवर बीडपासून नांदेडपर्यंत एक मेसेज फिरतोय: “रशियन सैन्यात मदतनीस पाहिजेत. लढायचं नाही. पगार महिना 2 लाख. करार 1 वर्षाचा, मग तिथलं नागरिकत्व. भारत-रशिया मैत्री आहे, सगळं कायदेशीर. खर्च फक्त 3 लाख.” अग्निवीरचं वय निघून गेलेल्या पोराला हे वाचून आशा वाटणारच. म्हणून एकेक वाक्य तपासू.

“लढायचं नाही.”

सही कोणत्या कागदावर होते, ते आधी बघा. रशियात साध्या नोकरीच्या कराराला ‘त्रुदवोय दगवोर’ म्हणतात. सैन्यात घेताना पुढे येतो तो ‘कंत्राक्त’. त्याच्या मथळ्यात ‘व्हायेन्नाय स्लुझबी’, म्हणजे लष्करी सेवा, असे शब्द असतात आणि मजकुरात ‘मिनिस्तेरस्त्वो अबरोनी’, म्हणजे संरक्षण मंत्रालय. यावर सही झाली की तो गडी सैनिक झाला. स्वयंपाकघरात ठेवायचं की खंदकात, हे मग कमांडर ठरवतो. एजंटचा तिथे काही संबंध उरत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर दोन मिनिटांत होतं. कागदाचा फोटो काढू देत नसतील तर सही करू नका.

आणि मदतनीस म्हणून ठेवलं तरी काम काय असतं? दारूगोळ्याच्या पेट्या पुढे न्यायच्या, खंदक खणायचे, जखमींना मागे आणायचं. हे युक्रेन युद्धाच्या आघाडीलगतच्या त्या पट्ट्यात, जिथे स्फोटकं बांधलेले छोटे ड्रोन सहज पोचतात. ड्रोन उडवणाऱ्याला पडद्यावर गणवेश दिसतो. हातात बंदूक आहे की पेटी, याने त्याला फरक पडत नाही. उलट पेटी वाहणारा उघड्यावर आणि सावकाश चालतो. त्यात हुकूम रशियनमध्ये. “आडवा हो” एवढं कळायला दोन सेकंद उशीर झाला, तरी जीव जातो. प्रशिक्षणही अनेकांना जेमतेम दोन आठवड्यांचं मिळालं. आपल्याकडे पोरं वर्ष-वर्ष पहाटे ग्राउंड मारतात, त्याच्याशी हे ताडून बघा.

“पगार महिना 2 लाख.”

आकडा खोटा नाही, आणि तोच या मेसेजचं खरं रूप दाखवतो. युद्धक्षेत्रातल्या कंत्राटी सैनिकाला रशिया महिन्याला सुमारे 2 लाख रूबल देते. रुपयांत जवळपास तेवढेच. भांडी घासायला कोणी इतके पैसे देत नाही. बँकेचं कार्ड आणि पिन मात्र एजंटला देऊ नका. पगार खात्यात पडतो आणि कार्ड दुसऱ्याच्या खिशात असतं, मग घरी काहीच येत नाही.

“करार 1 वर्षाचा.”

21 सप्टेंबर 2022 च्या रशियन आदेशानुसार, आंशिक लामबंदी (युद्धासाठी राखीव माणसांना सैन्यात बोलावण्याचा हुकूम) उठेपर्यंत सैनिकांचे करार चालूच राहतात. वय, प्रकृती किंवा न्यायालयाची शिक्षा एवढीच सुटकेची कारणं. म्हणून कागदावरच्या 1 वर्षावर विसंबू नका. कंटाळून तुकडी सोडली तर तो फौजदारी गुन्हा. लामबंदीच्या काळात महिन्यापेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास 5 ते 10 वर्षं तुरुंग.

“सगळं कायदेशीर.”

मार्च 2024 मध्ये सीबीआयने अशाच एजंटांवर मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवून अनेक शहरांत छापे टाकले. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं: रशियन सैन्यात 126 भारतीय गेल्याची प्रकरणं, 12 मृत्यू, 16 बेपत्ता. युक्रेनशी भारताचं वैर नाही, त्यामुळे भारतीय न्याय संहितेचं कलम 153, म्हणजे भारताशी शांततेचे संबंध असलेल्या देशाविरुद्ध युद्ध करण्याचा गुन्हा, लागू होऊ शकतं. “विमानतळावर कुणी अडवलं नाही” हाही पुरावा नव्हे. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन मंजुरीची (कामासाठी देशाबाहेर जाण्याच्या परवानगीची) अट नसते, आणि रशिया ती अट असलेल्या देशांच्या यादीतही नाही, म्हणून अडवत नाहीत, इतकंच.

“तिथलं नागरिकत्व.”

मिळू शकतं. पण नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. मग तो पोरगा परत मागायला भारतीय दूतावासाला आधार काय राहणार?

“खर्च फक्त 3 लाख.”

परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि जीएसटी घेऊ शकतो. 3 लाखांसाठी सातबारा गहाण टाकण्याआधी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासा. फ्रेंच फॉरेन लिजनचं, म्हणजे फ्रान्सच्या सैन्यातल्या परदेशी लोकांच्या दलाचं नावही असेच लोक घेतात. लिजनची भरती खरी आहे, पण ती मोफत असते, उमेदवाराने स्वतः फ्रान्समध्ये जाऊन हजर व्हावं लागतं आणि पहिला करार 5 वर्षांचा असतो. त्यासाठी पैसे मागणारा फसवतोय.

पोरगा आधीच गेला असेल तर आज हे जमवा: पासपोर्टची प्रत, कराराचा फोटो, तुकडीचा पाच आकडी क्रमांक, शेवटच्या मेसेजची तारीख आणि ठिकाण, एजंटला दिलेल्या पैशांच्या पावत्या. याच्या आधारे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार करा, मॉस्कोच्या दूतावासाला ईमेल पाठवा आणि एजंटविरुद्ध पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. तिन्हीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, नाहीतर शोध तिथेच अडतो.