झाड कललं की आधी बुंधा हलवून बघा

मृगाच्या सरी सुरू झाल्या की कोल्हापुरात व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुंडीतलं झाड कलतंय म्हणजे मूळ कमजोर. रोज दोन वेळा पाणी द्या, महिन्याला चमचाभर युरिया टाका, बुंध्याशी मातीचा ढीग करा, काठी रोवून खोड घट्ट बांधा आणि कुंडी जड व्हावी म्हणून तळाशी खडी भरा. यातला मातीचा उपाय काही झाडांपुरता बरोबर आहे. बाकीच्या उपायांमुळे झाड सावरण्याऐवजी आणखी लवकर पडतं.

मुळात निदानच घाईचं आहे. कधी कुंडीच आडवी होते. कधी कुंडी जागेवर असते, पण झाड बुडातून हलतं. कधी बूड घट्ट असतं आणि वरचं खोड वाकतं. मातीलगत दोन बोटांनी खोड धरून हलवलं की यातलं काय झालंय ते लगेच कळतं. तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

युरियाचा सल्ला उसाच्या मुलखात पुढे पाठवला जावा, याचं वाईट वाटतं. नत्र जास्त झालेला ऊस पावसा-वाऱ्यात लोळतो, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं. कुंडीतल्या मूठभर मुळांना ते मिळालं की दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं मोठी आणि जड होतात, खोड मात्र पोचट राहतं. मग एका जोराच्या सरीत शेंडा खाली येतो. त्यातून गॅलरीत पावसाळ्यात उजेड कमी. झाड उजेडाच्या बाजूला ताणत जातं. तिथे खताचा काही उपयोग नाही. कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवा आणि लांबलेला शेंडा एक तृतीयांश खुडा.

रोज दोन वेळा पाणी दिल्याने वरचे दोन इंच कायम ओले राहतात आणि मुळं तिथेच घुटमळतात. पंचगंगेकाठची काळी माती कुंडीत भरली असेल तर पाणी तुंबतं, मुळं कुजतात आणि झाड बुडातून डुलू लागतं. कुजलेल्या मुळांचं झाडही तहानलेल्यासारखंच मान टाकतं, म्हणून लोक आणखी पाणी घालतात. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरलं तर काळजी नको. पहाटेही मान खाली असेल आणि माती ओली असेल, तर पाणी थांबवा, कुंडीची भोकं मोकळी करा. एरवी बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं, तरच पाणी. मात्र तेव्हा भोकातून निथळेपर्यंत. कुंडी नव्याने भरताना पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग आणि भाताचं तूस एक भाग घ्यावं.

घट्ट काठीचं नुकसान उशिरा दिसतं. वाऱ्याने थोडं हलणारं खोडच जाड होतं. जखडलेलं खोड काठी काढताच वाकतं, आणि तार किंवा सुतळी सालीत रुतते ती वेगळीच. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, म्हणून काठी झाडाच्या पश्चिम बाजूला रोवा. जुन्या सुती कापडाच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा, झाड उभं राहील इतक्याच उंचीवर. जूनमध्ये लावलेल्या झाडाची काठी दसऱ्यानंतर काढून बघावी. टोमॅटो, डेलिया आणि वेलींना मात्र आधार कायमचा हवा.

मातीचा ढीग टोमॅटोला आणि झेंडूला चालतो, कारण त्यांच्या खोडाला नवी मुळं फुटतात. उसाच्या बांधणीचा, म्हणजे बुडाशी माती चढवण्याचा, फायदाही तोच. पण लिंबू, अडेनियम किंवा आंब्याचं कलम यांच्या बुंध्याशी ओली माती चढवली की साल कुजते. कलमाचा जोड मातीच्या वर मोकळा राहिलाच पाहिजे.

खडीने तळाला वजन येतं हे खरं. मात्र मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडतं. म्हणजे चिखलाचा थर खडीच्या उंचीइतका वर सरकतो आणि मुळांना तेवढीच जागा कमी. वजन बाहेरून द्या: प्लास्टिकची कुंडी मोठ्या सिमेंटच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत खडी भरा. रंकाळ्याकडच्या उघड्या गच्चीवर, जिथे वाऱ्याला अडवायला काहीच नाही, कुंड्या कठड्याच्या आतल्या बाजूला एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. निव्वळ कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) कुंडी वाळली की फारच हलकी होते. अशा कुंडीत काठी रोवून उपयोग नाही, कारण काठीही कुंडीसकट पडते.

दोन कारणं या संदेशात नाहीतच. पहिलं, रोपवाटिकेच्या पिशवीत गोल फिरलेली मुळं. तशीच लावली तर ती मातीत पसरत नाहीत आणि वर्षानंतरही झाड हलतं. लावताना मुळांच्या गड्ड्याला बाजूने तीन-चार उभे काप द्या, अर्धा इंच खोल. दुसरं, हुमणी ही मुळं खाणारी कीड. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे निघतात आणि अंडी मातीत किंवा शेणखतात घालतात. पुढे अळ्या मुळं खातात आणि झाड हाताने अलगद उचललं जातं. माती उकरा, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या वेचून नष्ट करा. शेणखत आधी उन्हात पातळ पसरून चाळून घ्या.

आडवं झालेलं झाड माती ओली असतानाच, शक्यतो त्याच दिवशी उभं करावं. खोड ओढू नका, गड्ड्याखाली हात घालून उचला. उघडी मुळं मातीने झाका, हाताने दाबा, पायाने नको. वरचा एक तृतीयांश पाला छाटा, सैल काठी द्या आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका.