खुल्या हवेतले जेवण

विदर्भातल्या खेड्यात उघड्यावर जेवण्याला कोणी हौस म्हणत नाही. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या भिंती रात्री ती उष्णता घरात सोडू लागल्या की माणसे ताटे घेऊन अंगणात येतात, आणि हिवाळ्यात वावरात रोडग्यांचा बेत ठरला की गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे पुरून, वांग्याची भाजी मोठ्या गंजात चढवून, आंब्याच्या नाहीतर मोहाच्या झाडाखाली पंगत बसते. त्या पंगतीत डोक्यावर फांद्या असतात, पाठीमागे बैल असतात आणि भाजीत कधीकधी झाडावरून पडलेले काहीतरी असते, ज्याची चौकशी न करणे हा शिष्टाचार समजला जातो. अशा मुलखातल्या कुटुंबाने नागपूरला जाऊन, रात्रीच्या जेवणासाठी झाडाखालची, दिव्यांच्या माळा लावलेली मोकळी जागा शोधत शहरभर हिंडावे, हा विचार आमच्या आईच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हता.

निमित्त भाच्याच्या लग्नाचा बस्ता काढण्याचे होते. बस्ता नागपूरच्या इतवारीतूनच निघाला पाहिजे, असा आमच्या घराण्याचा दंडक आहे, मग भर नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, का असेना. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याच्या आदल्या वर्षापासूनच प्रवास मोफत आहे, त्यामुळे आमच्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटाच उरलो आहे. आई, पत्नी आणि मुलगी यांच्या तिकिटात वाचलेली रक्कम ही आपोआपच महिलांच्या मालकीची होते, असा सिद्धांत पत्नीने आर्वीच्या बसस्टँडवर मांडला, आणि त्या रकमेतून नागपूरला एक संध्याकाळ चांगल्या ठिकाणी, बाहेर, मोकळ्या हवेत जेवायचे, असा ठराव बस सुटण्याआधीच मंजूर झाला. ती रक्कम अशा ठिकाणच्या पाण्याच्या बाटल्यांनाही पुरणार नाही, हे मला दिसत होते. पण सभेत माझे मत एकच होते.

आईने मात्र विरोध नोंदवला. "आंगणात बसून जेवाले नागपूरले कायले जा लागते?"

पत्नी सासूपुढे आवाज चढवत नाही. तिने पिशवीचे बंद सारखे करत उत्तर दिले, "आत्याबाई, आंगणात तुम्ही जेवता. मी तं चुलीपाशीच असतो."

या उत्तरात तथ्य होते, आणि ते मला बसच्या खिडकीतून बाहेर पाहत बराच वेळ मान्य करावे लागले. रोडग्यांच्या दिवशी पुरुषमंडळी काठीने निखारे उकरतात आणि तेवढ्यावर आजचा स्वयंपाक आपणच केला, अशी त्यांची वर्षभर पुरणारी समजूत होते. कणीक कोणी मळली, वांगी कोणी चिरली, वरण कोणी घोटले, आणि शेवटची पंगत उठल्यावर गार झालेल्या भाजीशी कोण जेवायला बसले, हे प्रश्न त्या समजुतीच्या आड येत नाहीत. मोकळ्या हवेचे कौतुक करायला आधी माणसाला बसता आले पाहिजे.

मुक्काम मनीषनगरला चुलतभावाकडे होता. संध्याकाळी त्याच्या गाडीत आम्ही सगळे बसलो आणि मुलीने मोबाइल उघडून मोहिमेचे नेतृत्व हाती घेतले. तिच्या अटी साध्या होत्या: झाडे असावीत, पिवळे दिवे असावेत, आणि ॲम्बियन्स असावा. चुलतभावाने सावजीचा पर्याय सुचवून पाहिला. नागपूरच्या विणकर कोष्टी समाजाच्या घरांतून आलेल्या या रश्श्याबद्दल आम्हा सर्वांना आदर आहे. पण चुलतभावाच्या आवडत्या सावजी भोजनालयात वर पत्रा, मध्ये पंखा आणि खाली घामाघूम गिऱ्हाईक अशी रचना असल्यामुळे तो प्रस्ताव मुलीने चर्चेलाही घेतला नाही.

पहिले ठिकाण रामदासपेठेतल्या एका इमारतीच्या गच्चीवर होते. मोबाइलवरचे त्याचे फोटो खरोखर सुंदर होते, फक्त त्यातल्या माणसांनी अंगात स्वेटर घातले होते, याची नोंद कोणी घेतली नव्हती. लिफ्टचे दार उघडले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, तरी सकाळपासून ऊन पिऊन बसलेला स्लॅब चपलेच्या तळव्यातून आपले अस्तित्व कळवत होता. टेबले छातीइतकी उंच होती आणि त्यांच्याभोवती पाठ नसलेली स्टुले होती, ज्यांवर चढण्यासाठी खाली एक लोखंडी कडे दिले होते. आईने लुगड्याचा काठ सावरून त्या स्टुलाची उंची डोळ्यांनी मोजली आणि वेटरला विचारले, "बापा, ह्या मचानावर बसून पाखरं हाकलाची आहेत का?" वेटर नम्रपणे हसला. मेन्यूकार्ड नव्हते, टेबलावर चिकटवलेल्या चौकोनी चिन्हापुढे मोबाइल धरायचा होता. मुलीने तो धरला, मी पहिल्या पानावरचे सरबतांचे भाव वाचले आणि आईला चक्कर येते आहे असे जाहीर केले. आईला काहीच होत नव्हते. पण ती अशा वेळी सहकार्य करते.

उतरताना चुलतभावाने धीर दिला. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, त्या मानाने आजची रात्र गार आहे, असे त्याचे म्हणणे पडले. नागपूरचा माणूस उन्हाळ्यात पाहुण्याला थंड पाण्याच्या बरोबरीने हा आकडा देतोच.

मग फुटाळा तलाव झाला. भोसल्यांच्या काळातला हा तलाव, काठावर वारा आणि खाण्याच्या गाड्यांची रांग, म्हणजे मोकळ्या हवेची अट पूर्ण होत होती; पण तिथे मिळणारा प्रत्येक पदार्थ उभ्याने, कागदी बशीतून आणि दुसऱ्याच्या कोपराशी वाटाघाटी करत खायचा होता. संगीत कारंज्यांच्या बांधकामाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसा गेला, हे चुलतभाऊ तपशिलाने सांगत होता आणि आई, नवतप्यातही भरलेले एवढे पाणी पाहून, यावर ओलीत किती एकराचे होते असे विचारत होती. दोघांनाही उत्तर मिळाले नाही. "मले बसून जेवाचं आहे," एवढेच पत्नी म्हणाली आणि गाडीकडे वळली.

तिसरे ठिकाण वर्धा रोडच्या अंगाला होते. तिकडे जाताना चुलतभावाने गाडी मुद्दाम हळू केली आणि खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी ती ३.१४ किलोमीटरची गिनीज बुकात नोंदलेली दुमजली बांधणी आम्हाला दाखवली. आम्ही खिडकीतून माना वाकड्या करून ती पाहिली. रिकाम्या पोटी अभियांत्रिकीचा अभिमान बाळगणे कठीण असते, तरी आम्ही यथाशक्ती बाळगला.

त्या ठिकाणाला मोबाइलवर चांगले तारे होते, 'गार्डन' हा शब्द नावातच होता, आणि फाटकापासून आतपर्यंत झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या पाहून मुलीने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. फाटकावर दोन मुलींनी आमच्यावर गुलाबपाणी शिंपडले. एका फेटेवाल्या गृहस्थांनी पेढ्यांचे तबक पुढे केले आणि अत्यंत अगत्याने विचारले, "नवरदेवाकडचे का नवरीकडचे?"

लग्नसराईत नागपुरातले मोकळे लॉन जेवायला मिळते ते पत्रिका असली तरच, हे त्या क्षणी सर्वांच्या ध्यानात आले. आतून पुऱ्यांचा वास येत होता. चुलतभावाच्या मुलाने पेढा घेऊन खाऊनही टाकला होता. चुलतभावाच्या चेहऱ्यावर मी एक विचार स्पष्टपणे उगवताना पाहिला. पण खरा धोका त्याच्याकडून नव्हता. आईने स्वागताच्या फलकावरचे आडनाव वाचले होते. "हे पुलगावचे तं नाही? यांच्यातली एक पोट्टी आपल्या मामेसासऱ्याच्या..." एवढे शब्द ऐकताच आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून गाडीकडे नेले. आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर तिने नाते सिद्ध केले असते, आणि मग आम्हाला जेवण मिळाले असते हे खरे, पण आहेरही द्यावा लागला असता, आणि बस्त्याच्या गाठोड्यातले एक लुगडे तिथेच खर्ची पडले असते.

अखेर अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे, आम्हाला हवे ते सापडले. कडुनिंबाची खरी झाडे होती. त्यांच्याखाली हिरवळ मात्र खोटी होती, चटईसारखी अंथरलेली, आणि या दिवसांत तीच हिरवी राहू शकते हे शेतकरी म्हणून मला पटले. दाराशी रंगवलेली एक जुनी रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, उभी होती आणि लोक तिच्यात बसून आळीपाळीने फोटो काढत होते. आईने वाकून तिचा आस तपासला, चाकाच्या आऱ्या बोटाने वाजवल्या आणि ही निकामी झालेली गाडी कोणी किती रुपयांना विकली असेल, याचा अंदाज मोठ्याने व्यक्त केला.

मोकळ्या हवेची व्यवस्था चार कोपऱ्यांतल्या चार जंबो कूलरांकडे सोपवली होती. आपल्याकडची कोरडी हवा कूलरच्या ओल्या ताट्यांतून गेली की पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि झोत गार येतो, म्हणून विदर्भात कूलर चालतो; पण तो झोत उघड्या आकाशाखाली फक्त समोरच्या दोन टेबलांनाच ओळखतो. मोकळी हवा खायला आलेली सगळी कुटुंबे त्यामुळे आपापली जागा सोडून त्या दोन टेबलांवर नजर ठेवून होती. आम्ही एका वयस्कर जोडप्याच्या खुर्च्यांमागे उभे राहिलो आणि त्यांचा आइसक्रीमचा शेवटचा चमचा होईपर्यंत कुटुंब म्हणून धीर धरला.

मेन्यूत 'वऱ्हाडी थाळी' होती: झुणका, भाकर, ठेचा, वांग्याचे भरीत आणि गोळाभात. आई आनंदली. पत्नीने ते पान शांतपणे उलटले. "झुणका-भाकर मी इथं पैसे देऊन पाहणारही नाही," असे तिने सांगितले आणि पनीरच्या दोन भाज्या निवडल्या. चुलतभावाने पान तसेच मागून पुढे वाचत नेले आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले सेवा शुल्क शोधून काढले. ते बिलात आपोआप जोडता येत नाही, तशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच काढली आहे, हे त्याने कूलरच्या घरघरीवर मात करत वेटरला ऐकवले. वेटरने सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे पापड मसालावाला आणू ना, साहेब?"

जेवण आले. कूलरच्या वाऱ्यात तंदुरी रोटी टेबलावर येईपर्यंत वातड होत होती. मी ती मुकाट्याने तोडत होतो, कारण घरी आलेली भाकर परत पाठवण्याची प्रथा आमच्याकडे नाही. पत्नीने रोटीला बोट लावून पाहिले. मग मान वर करून तिने वेटरला हाक मारली आणि ही गार झाली आहे, गरम आणा आणि एकेकच आणा, असे सांगितले. तो पळत गेला, पळत आला. तिने अर्धी रोटी खाल्ली आणि पुढची मागवली. मुलीने फोटो काढायचे थांबवून आईकडे पाहिले. तिसरी रोटी पुन्हा परत गेली, आणि ती पुरेशी गरम होती असा मला संशय आहे.

आमची आई हे सगळे हातातला घास हातात ठेवून पाहत होती. आता सासू म्हणून ती काहीतरी बोलणार, अशी मी तयारी ठेवली. तिने आपल्या ताटातली, दोन घास तोडलेली रोटी उचलली, वेटरपुढे धरली आणि म्हणाली, "बापा, माही बी थंडी झाली पाय. घेऊन जाय वापस."