काचेआडच्या बाहुल्या नेमक्या कोणासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

एडिंबरोच्या ‘म्युझियम ऑफ चाइल्डहुड’वरील माझ्या लेखावर आपण जी रोखठोक प्रतिक्रिया दिली आहे, तिची दोन ओळींत बोळवण करणे मला बरे वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे की, खेळणे मुलाच्या हातात असेल तोवरच ते खेळणे असते, काचेच्या कपाटात गेले की ते मेले. आणि अशी कपाटे पाहून गहिवरणारे आपण सारे प्रत्यक्षात सुखवस्तू साहेबांच्या बालपणावर गहिवरत असतो. शिवाय आपल्याकडची भातुकली सोडून परक्यांच्या बाहुल्यांचे कौतुक कशाला, असेही आपण विचारले आहे.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर त्या संग्रहालयाच्या संस्थापकानेच देऊन ठेवले आहे. पॅट्रिक मरे हे एडिंबरोचे नगरसेवक. त्यांनी 1955 साली हे संग्रहालय सुरू केले, आणि बालपणाच्या इतिहासाला वाहिलेले जगातले पहिले संग्रहालय म्हणून ते ओळखले जाते. मरे अविवाहित होते, मुलांचा आपल्याला तिटकारा आहे असे थट्टेने सांगत, आणि बेथलेहेमची अर्भके मारवणाऱ्या हेरॉड राजाच्या, म्हणजे आपल्या कंसाच्या त्या भाऊबंदाच्या, स्मरणार्थ इथे रंगीत काचेची खिडकी बसवावी अशी कल्पनाही त्यांनी मांडली होती. थट्टा बाजूला ठेवली तरी हे संग्रहालय बालपणाविषयी आहे, मुलांसाठी नव्हे, ही त्यांची भूमिका पक्की होती. (मुलांनी ती कधीच मानली नाही, जगातले सर्वांत गोंगाटाचे संग्रहालय अशीच त्याची ख्याती झाली.) तेव्हा खेळायला देणे हे ज्या कपाटाचे कामच नाही, त्याला खेळू देत नाही म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. 1938-39 मध्ये नाझी राजवटीतून सुमारे 10,000 मुले आईवडिलांविना ब्रिटनमध्ये पाठवली गेली. त्यांच्यापैकी एका मुलासोबत व्हिएन्नाहून आलेले कापडी अस्वल या संग्रहात आहे. ते आज एखाद्या मुलाच्या हाती दिले तर चार दिवसांत त्याच्या चिंध्या होतील, आणि त्या मुलाला त्यातून मिळणारा आनंद कोपऱ्यावरच्या दुकानातल्या नव्या अस्वलापेक्षा तसूभरही जास्त नसेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्टॅनब्रिग अर्ल्स नावाचे सुमारे 2,000 वस्तूंनी भरलेले बाहुलीघर तिथे आहे, आणि ते पाहताना आपल्यासारखाच प्रश्न कोणालाही पडावा. पण त्याच संग्रहात एक अशी बाहुली आहे, जिच्यासमोर मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. जुन्या बुटाचा झिजलेला तळ, टाचेच्या जागी चेहरा, अंगाभोवती गुंडाळलेली चिंधी; बस, एवढेच. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तीतल्या मुलाची ही बाहुली. ती टिकली, कारण एडवर्ड लव्हेट नावाचा बँकेत नोकरी करणारा आणि लोकसमजुतींचा अभ्यास करणारा गृहस्थ अशा टाकाऊतून घडवलेल्या बाहुल्या जमवत हिंडत असे. असा कोणी भेटला नाही तर त्या बाहुलीची जागा उकिरड्यातच होती.

म्हणून संग्रहालये श्रीमंतांचे बालपण दाखवतात हे आपले निरीक्षण खरे असले, तरी त्याचा ठपका मी काचेवर ठेवणार नाही. महागडी वस्तू घरातच जपली जाते, तिची पावती असते, पुढे तिचा वारसदारही असतो. बुटाच्या बाहुलीला यातले काहीच नसते; तिच्या मालकिणीने ती मोठेपणी आठवणीने सांभाळावी, इतकी जागाही त्या घरात नसे. काच काढून टाकली तर आधी नाहीशी होईल ती हीच बाहुली. बाहुलीघर कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात सुखरूप राहील.

भातुकलीचेही तेच. पितळी बंब, जाते, शेगडी, लाकडी पोळपाट-लाटणे असा संच आजीच्या पेटीतून निघतो आणि प्रदर्शनात मांडला जातो. ते पाहायला मलाही आवडते. पण करवंटीचा तराजू, काडेपेटीची आगगाडी, ज्वारीच्या ताटांची बैलगाडी, पोळ्याच्या चिखलातून उरलेल्या मातीची चूल हे सारे खेळून झाले की संपत असे, आणि बहुसंख्य मराठी मुले याच वस्तूंशी खेळली. त्यावर मी अवश्य लिहीन. आपल्या प्रतिक्रियेत आपण वडिलांनी करून दिलेल्या तराजूचा उल्लेख केला आहे. तो कसा बांधत, दोऱ्या कशाच्या असत आणि वजने म्हणून काय वापरत, हे सवडीने कळवलेत तर लेखाची सुरुवात तिथूनच करता येईल.