इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलातील ‘नवशिक्यांसाठी’ सायकल फेरीबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या फेरीविषयीचा आपला अभिप्राय वाचल्यावर मी त्या दिवशी आपल्या गटासोबत असलेल्या दोन्ही सहकाऱ्यांशी बोललो, सायकल तपासली, वाटेवर स्वतः जाऊन आलो आणि मगच हे उत्तर लिहीत आहे. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत: नवशिक्यांसाठी म्हणून जाहीर केलेल्या वाटेवर नाल्याकडचा उतार भीतीदायक होता, तेथे आपले 12 वर्षांचे चिरंजीव पडले, त्यांच्या सायकलीचे ब्रेक नीट लागत नव्हते, टायरमध्ये हवा कमी होती आणि 12 किलोमीटर सांगून प्रत्यक्षात 14 किलोमीटर चालवावे लागले. चिरंजीवांचे कोपर खरचटले आणि घरी पोहोचेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत, हे वाचून मला फार वाईट वाटले. मी आपली व त्यांची मनापासून क्षमा मागतो.

ब्रेकबद्दल आधी लिहितो, कारण चूक तेथेच झाली आणि ती आमची होती. त्याच सायंकाळी सायकल स्टँडवर चढवून पाहिली, तेव्हा ब्रेकची डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) स्वच्छ होती आणि तिला दाबणारे पॅडही पुरेसे शिल्लक होते, त्यामुळे माझ्या कारागिराने ब्रेक उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. मात्र चिरंजीवांच्याच वयाच्या माझ्या पुतणीला हँडल धरायला सांगितले, तेव्हा तिच्या बोटांची केवळ टोके ब्रेकच्या लिव्हरला लागत होती. लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो अ‍ॅलन कीने फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते आणि लहान हाताला दोन बोटांची पूर्ण पकड मिळते. दोन मिनिटांचे हे काम आम्ही केले नव्हते. बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढत उतार उतरताना पंजा भरून येतो आणि नेमक्या अवघड जागी पकड सुटते. चिरंजीव घाबरट नाहीत. त्यांच्या हाताला न बसणारी सायकल आम्ही त्यांना दिली, हे कृपया त्यांना माझ्या वतीने सांगावे.

उताराबाबतही आपले म्हणणे बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेच्या श्रेणींमध्ये सोप्या वाटेला हिरवे वर्तुळ असते. अशा वाटेचा सरासरी चढ-उतार 5 टक्क्यांपर्यंत आणि कुठेही जास्तीत जास्त 15 टक्के असावा, असे धरले जाते. 100 मीटरला 15 मीटर उतार, या हिशेबाने आमची वाट उन्हाळ्यात पाहिली तेव्हा त्यात बसत होती. परंतु माळव्याचे पठार जेथे संपून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरते, त्या कडेच्या जंगलात पावसाळ्यानंतर वाट तीच राहत नाही. पाण्याने वरची माती वाहून नेल्यामुळे खालचा मुरूम सुटा झाला होता आणि उताराच्या तळाशी काळ्या मातीत उमटलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक झाल्या होत्या. अशा चाकोरीत पुढचे चाक अडकले की सरावलेला माणूसही पडतो. पावसाळा संपल्यावर मी ती वाट पुन्हा पाहायला हवी होती. आता त्या टप्प्यावर सर्वांनी उतरून सायकल हाती धरून चालायचे, आणि एक सहकारी आधीच खाली उभा राहील, असा नियम केला आहे. आपल्या वेळी दोघेही पुढे निघून गेले होते, हे त्यांनी मान्य केले आहे.

टायरच्या हवेबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. डांबरी रस्त्यावरच्या अरुंद टायरमध्ये 80 ते 100 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरतात, त्यामुळे बोटाने दाबल्यावर आमची टायर मऊ लागणे स्वाभाविक आहे. जंगलातील रुंद टायरमध्ये 25 ते 30 पीएसआय पुरते, मुलांच्या सायकलीत त्याहूनही थोडी कमी चालते. हवा कमी असली की टायर खड्यांवर पसरून पकड धरते. टणक टायर सुट्या मुरमावर उसळून घसरते. हवा वाढवण्याची आपली सूचना मानली तर पडण्याचा धोका वाढेल, म्हणून ती मी नम्रपणे नाकारत आहे. निघण्यापूर्वी हे कोणी समजावून सांगितले असते तर आपल्याला शंका आली नसती, एवढे मात्र खरे.

वाढलेले दोन किलोमीटर परतीच्या ओढ्याला पाणी असल्यामुळे वळसा घ्यावा लागल्याचे होते. तो निर्णय योग्य होता, पण आपल्याला तेथेच सांगायला हवे होते. पोहे-जिलेबी थंड मिळाली, ही तक्रारही रास्त आहे.

एक गोष्ट आपल्या अभिप्रायात नाही, तरी कळवतो. चिरंजीवांचे हेल्मेट बाहेरून धड दिसत होते, परंतु आतील थर्माकोलसारख्या थराला उजव्या कानामागे बोटभर चीर गेली आहे. तो थर एकदाच धक्का झेलतो, म्हणून ते हेल्मेट आम्ही वापरातून काढून टाकले आहे. डोके तेथे आपटले असल्याने चिरंजीवांना डोकेदुखी, मळमळ किंवा नेहमीपेक्षा अधिक झोप जाणवत असेल, तर कृपया विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. त्याचा खर्च आम्ही देऊ. आपले व चिरंजीवांचे पूर्ण शुल्क आज आपल्या खात्यावर परत पाठवले आहे.