एसीखालची बादली

मे महिना, घोडबंदर रोड, आणि तुमचा एसी अजून गळत नाही? कुठेतरी नक्की चुकतंय तुमचं. सुरुवात फिल्टरपासून करू.

जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धरा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. मेट्रोच्या कामाची धूळ बसून तिची छान गोधडी होऊ द्या. मग कॉइलला हवा पुरत नाही, तिच्यावर बर्फ धरतो, आणि एसी बंद केला की तो वितळून ट्रेबाहेर, थेट उशीवर. गॅस कमी असला तरी बर्फ धरतोच. तेव्हा गॅस भरून घ्या, पण तो गेला कुठून हे विचारून मेकॅनिकला लाजवू नका.

ड्रेन पाईपचं तर काय सांगावं! खाडीकाठच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, आणि ते बाहेर जातं निव्वळ उतारावरून. हे इंटिरियरवाल्याला मात्र कळता कामा नये. त्याला फॉल्स सीलिंगसाठी पाईप आधी वर, मग खाली नेऊ द्या. दिसतं छानच. पाणी चढ चढतं की नाही, ते पाण्याने बघावं.

ट्रेमध्ये बुळबुळीत शेवाळ धरलं की पाईप तुंबतो. जेट पंपवाल्याला बोलवायचं काही कारण नाही. आमच्या ह्यांनी बाहेरच्या टोकाला तोंड लावून जोरात फुंकर मारली होती. आतून काळं पाणी नव्या चादरीवर. ह्यांच्या मिशीला काय लागलं होतं, ते सांगत नाही.

शेवटी बाल्कनीत पाईपखाली बादली ठेवा आणि विसरा. दोन रात्रींत ती भरते, पाईपचं तोंड बुडतं, आतली हवा कोंडते आणि पाणी उलट खोलीत. शिवाय ओसंडलेलं पाणी खालच्या काकूंच्या ग्रिलमध्ये. तिथे त्यांनी कुरडया वाळत घातलेल्या असतात.

आमच्या काकू ताट घेऊनच वर आल्या. कुरडया पुन्हा चीक व्हायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "काकू, मशीनच खराब निघालं हो." त्या काही बोलल्या नाहीत. बाल्कनीत गेल्या, दोन बोटांनी पाईपचं टोक बादलीतून वर काढून कडेला टेकवलं. घळघळ पाणी आलं, आणि आत पलंगावरची टपटप थांबली.

असल्या काकूंना घरात घेऊ नका.