मेस्त्री लॉबीत आहेत

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. तो कानडी, मराठी, हिंदी आणि वेळ पडली तर कोकणीही बोलतो, आलेल्याचं नाव वहीत लिहितो आणि ‘बर्री, बर्री’ करत आत सोडतो. ऑनलाइन मीटिंगचं गेट मात्र माझ्या गळ्यात पडलंय. पात्रता एवढीच की परचेस ऑर्डर मी टाइप करतो.

मायक्रोसॉफ्टचं मीटिंगचं ॲप टीम्स विचारतं, लॉबीत, म्हणजे दाराबाहेरच्या वेटिंग रूममध्ये, न थांबता थेट आत कोणी यायचं? फक्त बोलावणाऱ्यानं, बोलावलेल्यांनी, आपल्या संस्थेतल्यांनी, गेस्टनी, विश्वासातल्या संस्थांनी, की सरसकट सगळ्यांनी? ज्या मुलखात 1956 पासून आतलं कोण आणि बाहेरचं कोण यावर भांडण चाललंय, 2004 पासून ते सुप्रीम कोर्टात पडून आहे, तिथल्या कारकुनानं याचं उत्तर द्यायचं आणि वर ‘सेव्ह’ दाबायचं!

पुण्याचे कस्टमर ‘एक्स्टर्नल’. त्यांचं खातं त्यांच्याच घरचं. त्यांच्याशी चॅट करायचं तर आपण त्यांचं डोमेन चालू ठेवायचं, त्यांनी आपलं. एकानंच कडी काढून भागत नाही. धारवाडचे सीए ‘गेस्ट’, कारण त्यांचं नाव आपल्या डिरेक्टरीत घालून घेतलंय. इथवर ठीक. पण आमचे पॅटर्नवाले, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारे, मेस्त्री? खातं नाही, ईमेल नाही. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक नातवाच्या फोनवर दाबतात. म्हणजे टीम्सच्या लेखी निनावी! पॅटर्नशॉपमध्ये ज्यांना विचारल्याशिवाय फळी कापत नाहीत, तो माणूस निनावी.

सोमवारी रिजेक्शनची मीटिंग. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, आलेत, पुण्याचे साहेब तापलेत. कोपऱ्यात पाटी उगवते : ‘बंटी गेमर लॉबीत थांबले आहेत.’

“कोण रे हा? घालव त्याला,” मालक म्हणतात.

साहेब विचारतात, कोअरला व्हेंट कुठून दिलाय? मालक माझ्याकडे बघतात, मी पंख्याकडे. एवढ्यात माझा मोबाइल वाजतो. “अरे, मला भाईरच बसवलाईस की! आत कोण कलेक्टर आलाय काय?”

‘बोलावलेल्यांनी यावं’ हेही करून बघितलं. तर लिंक पाठवली म्हणजे निमंत्रण झालं असं टीम्स धरत नाही. निमंत्रण ईमेलला जायला हवं आणि त्याच खात्यानं साइन-इन करायला हवं. मेस्त्रींना ईमेल काढून देतो म्हटलं तर म्हणाले, “कशाला? मी वडगावातच ऱ्हातो की.”

शेवटी मालक वैतागले. “सगळ्यांना सोड. आपल्याकडं काय लपवायचंय?” सोडलं. लिंक कुणीतरी सप्लायरच्या ग्रुपवर टाकली होती. साहेब टक्केवारीवर आले असतानाच भंगारवाला आत आला आणि आदबीनं म्हणाला, “मालक, तो रिजेक्शनचा माल कधी उचलू? गाडी रिकामीच हाय.”

तेव्हापासून आमची पॉलिसी कडक झाली. आयटी बघणारा हुबळीचा पोरगा आहे. त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता बदल. “तडीरी, थांबा,” तो म्हणाला, “पॉलिसी लागू व्हायला चोवीस तासही लागतात.” कायम मधल्या चोवीस तासांतच आमची मीटिंग कशी येते, हा माझा खाजगी संशोधनाचा विषय आहे.

आता पुण्याचे साहेबच लिंक पाठवतात. मेस्त्री मालकांच्या केबिनमध्येच येऊन बसतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला. आम्ही सगळे एका लॅपटॉपसमोर, पुण्याच्या लॉबीत.

“किती वेळ बसवून ठेवतंय हे?” मालकांनी परवा विचारलं.

“अर्धा तास. मग आपोआप बाहेर काढतं.”

“अर्धा तास?” मेस्त्रींनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “मग भजी पण सांग की चहाबरोबर.”