बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसमधल्या पार्टिशनबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळीच सुपरवायझरला घेऊन ऑफिसला येऊन गेलो. तुम्ही मीटिंगमध्ये होतात, म्हणून इथे लिहितोय. तुमच्या तक्रारी अशा: केबिनच्या दारावर भेग गेली, भिंती पुठ्ठ्यासारख्या पोकळ आहेत, त्यावर साधं शेल्फ टिकलं नाही आणि ताबा 19 दिवस उशिरा मिळाला.

भेगेचं आधी, कारण ती चूक आमचीच आहे. चौकटीच्या कोपऱ्यातून सरळ छताकडे गेलेली केसाएवढी रेघ मी बोट फिरवून पाहिली. भिंतीच्या दोन जिप्सम बोर्डांचा सांधा बरोबर कोपऱ्यावर आलाय. तो तिथे येताच कामा नये. बोर्ड एल आकारात कापून कोपऱ्याला वळसा द्यायचा आणि सांधा दाराच्या मधोमध, वरच्या आखूड स्टडवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या उभ्या पट्टीवर घ्यायचा, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. शेवटच्या दोन केबिन दुसऱ्या टीमने केल्या. बोर्ड वाचवायला त्यांनी सरळ तुकडे लावले. वरून टेप आणि कंपाउंडचे, म्हणजे सांधे भरायच्या लुकणाचे हात बसले की असला सांधा कुणाच्या नजरेत येत नाही. मग दार आपटलं की प्रत्येक हादरा त्याच कोपऱ्यात जातो. बोर्ड चढत होते तेव्हा मी तिथे असायला हवं होतं, नव्हतो. मनापासून माफी मागतो.

पोकळ म्हणालात, तर ही भिंत आतून पोकळच असते. पत्र्याच्या स्टडचा सांगाडा, दोन्ही बाजूंना 12.5 मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड आणि मध्ये आवाज अडवायला रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेल्या मातीचा भराव घालून हा सगळा भाग उभा राहिला. तुमची इमारत शंभरीपलीकडची. तुमच्याच स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅबवर नव्या विटांच्या भिंतींना नकार दिला होता, आणि मला तो पटला. 4 इंची विटांची भिंत प्लास्टरसकट चौरस मीटरला 250 किलोच्या घरात जाते, ही 25 किलोच्या आसपास. बंदराकाठच्या जुन्या इमारतींना नव्याने वापरात आणायचं तर हेच काम योग्य, असं मी कुणालाही सांगेन.

शेल्फ मात्र नुसत्या बोर्डात साधा प्लग ठोकून लावलं होतं. तिथे ते निघणारच. कॉन्फरन्स रूममध्ये स्क्रीनमागे आम्ही आतून प्लाय दिलाय, तिथे वजन बिनधास्त टांगा. पण प्लाय कुठे आहे आणि स्टड कुठून जातात याचं ड्रॉइंग ताबा देताना तुमच्या हातात द्यायला हवं होतं. ते राहिलं.

आता उशीर. जुलैत डॉककडच्या सागवानी खिडक्या दुरुस्तीला काढलेल्या होत्या, जागी नुसतं प्लास्टिक. खाऱ्या ओल्या वाऱ्यात कंपाउंडचा पहिला हात दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होता आणि थप्पीतले वरचे बोर्ड बाक धरायला लागले होते. त्यावर दुसरा हात मारला असता तर भेगा दोन दारांवर नाही, सगळ्या ऑफिसभर दिसल्या असत्या. खिडक्या बसेपर्यंत काम थांबवलं ते मीच, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी थांबवेन. पण त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा होता. तुम्ही चार दिवस बंद साईट पाहून विचारत राहिलात, यासाठी तुमचा राग रास्त आहे.

येत्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर येतो. दोन्ही दारांवरचे बोर्ड काढून नीट वळसा देऊन नवे लावू. रंग फक्त ठिगळाला देत नाही, पूर्ण भिंतीला देतो, नाहीतर उन्हात छटा वेगळी दिसते. ड्रॉइंग सोबत आणतो. एक पैसाही द्यायचा नाही. रंगाचा उरलेला डबा पॅन्ट्रीच्या वरच्या कप्प्यात ठेवलाय, तेवढा कुणाला टाकू देऊ नका.